देवाचे पाचारण बुद्धीला पटत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चांगले स्थिरावलेले काम सोडून पूर्णवेळ सेवेत यावे, असे गेली काही वर्षे प्रार्थनेत तुम्हाला पुन्हा पुन्हा जाणवते आहे, पण वय, घरची जबाबदारी, वृद्ध आईवडील आणि जोडीदाराची धास्ती पाहता हा विचार कोणत्याही हिशेबात बसत नाही. हे पाचारण देवाचेच आहे हे कसे ओळखावे, देवाचे असेल तर ते इतके अव्यवहारी का असावे, आणि आज्ञा मानून निघाल्यावर सगळेच फसले तर काय, असे तुम्ही विचारले आहे. पाळक म्हणून अशा निर्णयाशी झुंजणाऱ्या पुष्कळ लोकांबरोबर बसण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या अनुभवाला पवित्र शास्त्राचा आधार घेऊन उत्तर देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. एखादी गोष्ट अवाजवी वाटते एवढ्यावरून ती देवाची ठरत नाही, आणि देवाची नाही असेही ठरत नाही. काही भाविकांना सरळ, समंजस मार्गात देव दिसतच नाही. जितके अवघड, तितके आध्यात्मिक, असा त्यांचा समज असतो. पण मोशेला न्यायनिवाड्याच्या ओझ्यातून सोडवले ते त्याचा सासरा इथ्रो याच्या साध्या व्यवहारी सल्ल्याने, आणि बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असे खुद्द प्रभू येशूने सांगितले. याउलट काही जण बुद्धीला न पटणारे ते सारे भावनेचा उमाळा म्हणून मोडीत काढतात. त्यांच्या मोजपट्टीने अब्राहाम देवाच्या शब्दावर आपले हारान गाव सोडून निघालाच नसता. तेव्हा ‘हे शहाणपणाचे आहे का’ हा प्रश्न आवश्यक आहे, पण पहिला नाही. ‘हे कोण सांगत आहे’ हा पहिला, आणि ‘मी हे कसे पाळू’ हा दुसरा. शहाणपणाला या दोन्ही प्रश्नांत भरपूर काम आहे.

हे सर्वांत नीट दिसते ते यिर्मयाच्या ग्रंथाच्या ३२व्या अध्यायात, आणि अशा प्रश्नासाठी अब्राहामापेक्षाही मी लोकांना आधी तिकडे पाठवतो. काळ इ. स. पू. ५८७ च्या सुमाराचा, सिद्कीया राजाच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला आहे, आणि हे नगर पडणार असे जाहीरपणे सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी देव त्याला सांगतो की, तुझा चुलतभाऊ हनामेल तुझ्याकडे येईल आणि अनाथोथातील आपले शेत विकत घे म्हणेल. अनाथोथ हे यरुशलेमेजवळचेच गाव. म्हणजे शेत शत्रूच्या हातात गेल्यातच जमा, आणि घेणारा स्वतः कैदी. शिवाय याच गावच्या माणसांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर उठण्याचा कट केला होता. यापेक्षा वाईट सौदा शोधून सापडणार नाही.

आता यिर्मया काय करतो ते बारकाईने पाहा. शब्द ऐकताच तो पैसे मोजायला धावत नाही. हनामेल प्रत्यक्ष येतो, देवाने सांगितले होते तसेच बोलतो, आणि तेव्हा कुठे यिर्मया म्हणतो की, हे परमेश्वराचे वचन होते हे मला समजले. वर्षानुवर्षे देवाचा शब्द बोलणारा संदेष्टासुद्धा आपल्याला ऐकू आलेले परिस्थितीशी जुळेपर्यंत थांबतो. दुसरे असे की, ही मागणी विचित्र असली तरी नियमबाह्य नव्हती. भाऊबंदाचे वतन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून ते सोडवण्याचा हक्क नियमशास्त्रानेच नातलगाला दिला होता, आणि हनामेल त्याच हक्काचा उल्लेख करतो. देवाने पूर्वी जे सांगितले होते त्याच्या चौकटीतच हे नवे सांगणे बसत होते.

त्यानंतरचा व्यवहार वाचताना तर मला दर वेळी नवल वाटते. सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून दिले जाते. खरेदीखत लिहिले जाते. त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात. रीतीप्रमाणे एक मोहोरबंद प्रत आणि एक उघडी प्रत तयार होते. आणि चौकात बसलेल्या सर्वांदेखत त्या यिर्मयाचा लेखक बारूख याच्या स्वाधीन करून, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले जाते. एखाद्याने म्हटले असते की, देवानेच सांगितले आहे तर साक्षीदार कशाला आणि मोहोर कशाला? पण ज्या व्यवहाराला माणसांच्या हिशेबात काहीच अर्थ नव्हता, तो यिर्मयाने काटेकोरपणे, एकही पायरी न गाळता पार पाडला. विश्वासाने उचललेले पाऊल बेशिस्तीने टाकायचे नसते, हे मी याच अध्यायातून शिकलो.

आणि हे सगळे झाल्यावर, आधी नव्हे, तो प्रार्थनेला बसतो आणि मनातला गोंधळ देवापुढे मांडतो. तुला अशक्य असे काही नाही, अशी सुरुवात करून तो शेवटी येतो ते याच मुद्द्यावर: मोर्चे भिंतीला भिडले आहेत, नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती गेले आहे, आणि तरीही तू मला म्हणालास की शेत विकत घे. आज्ञा मानून झाली होती. पटलेली मात्र नव्हती. देवाने त्याबद्दल त्याला दोष दिला नाही, उत्तर दिले: या देशात पुन्हा शेते विकत घेतली जातील. पटल्याशिवाय आज्ञा पाळणे म्हणजे ढोंग, असे तुम्हाला वाटत असेल तर यिर्मयाची ती प्रार्थना पुन्हा एकदा वाचा.

आता तुमचा पहिला प्रश्न, ओळखण्याचा. बाल शमुवेलाला तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो एलीकडे धावला, कारण देवाचा शब्द त्याला अजून प्रकट झाला नव्हता. हाक खरी होती, पण ती कोणाची हे सांगायला एक वयस्क माणूस लागला, आणि तो माणूस स्वतः निर्दोष नव्हता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पाचारण एकट्यात ऐकू येते. त्याची पारख मात्र एकट्यात करू नये. त्रोवस येथे पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला, तेव्हा देवाने आपल्याला तिकडे बोलावले आहे असे अनुमान सोबत्यांनी मिळून काढले. लूक तेथे ‘आम्ही’ असे लिहितो. त्याआधी आसियात आणि बिथुनियात जाण्याचे दरवाजे बंद झाले होते. दृष्टान्त, बंद झालेले मार्ग आणि सोबत्यांचा विचार या सर्वांतून तो निर्णय तयार झाला.

ज्या पाचारणात दुसऱ्या माणसाचाही वाटा असतो, तेथे देव बहुतेक वेळा त्या दुसऱ्याशीही बोलतो, ही शास्त्रातली गोष्ट लोकांच्या फारशी ध्यानात येत नाही. दिमिष्कात हनन्या नावाच्या शिष्याला शौलाकडे, म्हणजे पुढच्या पौलाकडे, जा अशी आज्ञा होते, तेव्हा शौलालाही हनन्या येताना दृष्टान्तात दिसलेला असतो. कर्नेल्याला देवदूत पेत्राला बोलावून घ्यायला सांगतो आणि पेत्राची वेगळी तयारी केली जाते. मरीयेला गब्रीएल सांगतो, पण योसेफावर तिच्या शब्दावर विसंबून राहण्याची वेळ येत नाही. त्याला स्वतःचे स्वप्न पडते. म्हणून ‘तुझ्याविषयी देव मला बोलला आहे’ असे सांगत येणाऱ्या माणसाचे ऐकून घ्या, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. पहिल्या राजांच्या १३व्या अध्यायातील यहूदाचा देवाचा माणूस, देवदूताने मला सांगितले, या म्हाताऱ्या संदेष्ट्याच्या खोट्या शब्दावर विसंबला, स्वतःला मिळालेली स्पष्ट आज्ञा त्याने मोडली, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारले. ती गोष्ट अप्रिय आहे. मी ती मुद्दाम वाचायला देतो.

येथे मर्यादेचीही एक रेघ ओढली पाहिजे. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान स्तोत्रातला शब्द देऊनच सांगतो, आणि येशू ती देवाची परीक्षा म्हणून नाकारतो. विश्वास आणि परीक्षा यांत फरक हा की, पहिल्यात देवाने सांगितलेले आपण करतो; दुसऱ्यात आपण ठरवलेले देवाने निभावावे असा हट्ट धरतो. सरोवरावर चालणाऱ्या पेत्रानेसुद्धा पाण्यात पाय टाकण्याआधी ‘मला येण्याची आज्ञा कर’ असे म्हटले होते. आणि अब्राहामाला मुलाचा होम करायला सांगितले त्या मोरियाच्या डोंगराचा दाखला देऊन जर कोणाला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची प्रेरणा होत असेल, तर ती देवाची नाही, एवढे मी कोणत्याही अटीशिवाय सांगतो. तेथे अब्राहामाचा हात देवानेच थांबवला, आणि मुलांचा होम करण्याची गोष्ट आपल्या मनातही आली नव्हती असे तो यिर्मयाच्या तोंडून सांगतो. अशा आवाजांनी ग्रासलेल्या माणसाला प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही नेले पाहिजे, आणि त्यात अविश्वासाचा लवलेश नाही.

तुमचे पाचारण या रेघेच्या अलीकडचे आहे. मग शंका आणि भीती यांचे काय करावे? इस्राएलाला मिसरातून सोडवायला जा अशी आज्ञा झाल्यावर मोशेने जळत्या झुडपापुढे एकामागून एक हरकती घेतल्या: मी कोण, तुझे नाव काय सांगू, लोक विश्वास ठेवणार नाहीत, माझी जीभ जड आहे. प्रत्येक हरकतीला उत्तर मिळाले. देवाचा राग भडकला तो शेवटी, जेव्हा मोशे म्हणाला, दुसऱ्या कोणाला पाठव. हनन्याही, हा माणूस छळ करणारा आहे, असे देवाला स्पष्ट सांगतो आणि मग जातो. प्रश्न विचारण्याला शास्त्रात कोठेही मज्जाव नाही. प्रश्नांच्या आड लपून नकार देण्याला आहे. स्वतःच्या बाबतीत हे ओळखण्याची एक पद्धत अशी की, एका शंकेचे समाधान झाल्यावर तुम्ही एक पाऊल पुढे येता की लगेच नवी शंका शोधता, हे पाहावे.

गिदोनाच्या लोकरीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण असे प्रश्न घेऊन येणारे बहुतेक लोक त्याचाच दाखला देतात, म्हणून लिहितो. गिदोनाने लोकर खळ्यात ठेवून तिच्यावरच्या दहिवराची खूण देवाकडे मागितली तेव्हा त्याला आज्ञा मिळालेली होती, त्याने बआलाची वेदी मोडून टाकली होती, रणशिंग फुंकले होते आणि सैन्य जमू लागले होते. काय करायचे हे शोधण्यासाठी ती खूण नव्हती. ठरलेले करण्याची हिंमत होत नव्हती म्हणून त्याने ती मागितली आणि देवाने त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतले. ‘उद्या अमुक माणसाचा फोन आला तर जाईन’ अशा अटी घालणे हे त्याचे अनुकरण नव्हे. मला गिदोनाच्या कथेतली दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते: घरच्यांच्या आणि गावाच्या भीतीने ती वेदी त्याने दिवसा न मोडता रात्री मोडली. हात कापत असताना केलेले आज्ञापालनही आज्ञापालनच ठरले. नंतर बत्तीस हजारांचे सैन्य तीनशेवर आले तेव्हा त्याला काय वाटले असेल, याचा विचार करून पाहा.

देव इतके अव्यवहारी का सांगतो, या तुमच्या प्रश्नाचे एक उत्तर त्याच कथेत दिलेले आहे: माझ्या हाताने मला सोडवले असे इस्राएलाने म्हणू नये. पण प्रत्येक वेळी कारण सांगितले जातेच असे नाही, आणि प्रत्येक अवाजवी वाटणारी आज्ञा मोठीच असते असेही नाही. अरामी सेनापती नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारायला सांगितल्यावर संतापला, कारण ती गोष्ट फार क्षुल्लक होती. त्याला अबाना आणि परपर नद्या आठवल्या. सेवेत उतरण्याची मोठी स्वप्ने पाहणारे काही जण मंडळीतल्या एका आजाऱ्याला नियमितपणे भेटायला जा म्हटले की असेच नाराज होतात. तुमच्या समोर आज अशी एखादी लहान आज्ञा पडून आहे का, हे पाहण्यासारखे आहे.

यापेक्षा मोठा धोका मला पाचारणाला व्यवहारी बनवण्यात दिसतो. अब्राहाम निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा शंभरचा. मधल्या पंचवीस वर्षांत त्याने देवाला नकार दिला नाही; सारेच्या सांगण्यावरून अभिवचनाला हातभार मात्र लावला. त्या काळच्या रीतीत दासी हागार हिच्यापासून मूल मिळवण्याचा तोडगा पूर्णपणे समंजस होता, आणि त्याची किंमत त्या दासीने आणि तिच्या मुलाने रानात भोगली. म्हणून योजना तपासताना मी एक प्रश्न आवर्जून विचारतो: याची किंमत कोण चुकवणार आहे? यिर्मयाचे सतरा शेकेल यिर्मयाच्या थैलीतून गेले. ज्या ‘विश्वासाच्या पावलाची’ परतफेड नातलगांना किंवा उधार देणाऱ्यांना करावी लागते, त्याबद्दल मला मुळातच संशय येतो. जॉर्ज म्युलर यांनी १८३६ मध्ये ब्रिस्टल येथे अनाथ मुलांसाठी घर उघडले आणि पैशाची मागणी माणसांपुढे न करता केवळ प्रार्थनेत करायची, असे ठरवले. लोकांच्या आठवणीत तेवढेच राहते. पण कर्ज काढायचे नाही हाही त्यांचा नियम होता, आणि आलेल्या व खर्चलेल्या पैशांचे हिशेब ते नियमाने प्रसिद्ध करीत.

सगळे फसले तर काय? मासेदोनियाचे पाचारण खरे होते, आणि तरी फिलिप्पैत पौल आणि सीला यांना फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात बसावे लागले. अडचण आली म्हणून ऐकण्यात चूक झाली, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. यिर्मयाचे तर याहून कठीण झाले. नगर पडले, लोकांनी त्याला मिसर देशात नेले, आणि त्या शेतात तो कधी गेला असा उल्लेख कोठेही नाही. सुमारे अर्धशतकानंतर बंदिवासातून परतलेल्यांची यादी एज्रा देतो, तीत अनाथोथची माणसे एकशे अठ्ठावीस होती असे लिहिले आहे. आपल्या आज्ञापालनाचे फळ आपल्याच हयातीत आणि आपल्याच नावावर जमा होईल, असे आश्वासन मी तुम्हाला देऊ शकत नाही. तसे आश्वासन देणारा कोणी भेटला तर जपून राहा. सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम मात्र अशा दिवसांत फार उपयोगी पडतो: मन उदास आणि कोरडे असताना, शांत आणि प्रकाशित मनाने पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये. निघाल्यानंतरच्या पहिल्या कठीण काळासाठी तो लिहून ठेवा.

राहिले आईवडील आणि जोडीदार. देवाला अर्पण केले आहे असे सांगून आईबापांची जबाबदारी टाळणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत सुनावले आहे. तेव्हा त्यांच्या औषधपाण्याची आणि देखभालीची सोय न करता निघणे हे कोणत्याही पाचारणाने समर्थनीय ठरत नाही. दुसऱ्या बाजूने, ‘आईवडील आहेत’ एवढे म्हणून विषय संपतही नाही. याकोब आणि योहान बाप जब्दी याला सोडून गेले, परंतु मजुरांबरोबर मचव्यात ठेवून गेले, हा तपशील मार्काने टिपला आहे. तुमच्या घरात ते मजूर कोण, हा प्रश्न भावंडांसोबत बसून, खर्चाच्या आकड्यांसह सोडवा. जोडीदारावर मात्र जोर करू नका आणि ‘देवाने सांगितले आहे’ हा शब्द वादात वापरू नका, कारण त्यापुढे समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. योसेफासाठी देवाने वेळ काढला. तुमच्या घरातही त्याला तो काढू द्या, आणि तोपर्यंत दोघांनी मिळून प्रार्थना करा.

हे झाल्यावर तुमच्या पाळकांना आणि मंडळीतल्या ज्या दोघातिघांना तुमचे गुणदोष नीट ठाऊक आहेत, तुम्हाला दुखवायला जे भीत नाहीत, त्यांना सर्व सांगा. त्यांचे मत अनुकूल असेल तर आधी रजा घेऊन काही महिने तीच सेवा प्रत्यक्ष करून पाहा. मग एक तारीख ठरवा आणि ती पुढे ढकलू नका. एलीया संदेष्ट्याने बोलावल्यावर अलीशाने आईबापांचा निरोप घेण्याची परवानगी मागितली, आणि परत जाऊन बैलांची जोडी कापली, नांगराच्या लाकडांवर मांस शिजवून लोकांना जेवू घातले, आणि मग तो एलीयामागे गेला. तुम्हीही राजीनामा देताना कराराची मुदत पूर्ण करा, हातातले काम दुसऱ्याच्या ताब्यात नीट द्या, आणि सहा महिन्यांनी परत घ्याल का अशी तजवीज मात्र वरिष्ठांकडे करून ठेवू नका.